नववी खाच

४ एप्रिल

नवी वही सुरू. जुनीच्या शेवटच्या चार पानांवर चहा सांडला. तो बुतितने सांडला, मी नाही.

ही वही न्योज्याची. खाली मैदानात ज्याला चिलगोजा म्हणतात आणि काचेच्या बरणीत ठेवून मूठमूठ विकतात, त्याच्या झाडाची. घरातलं यात लिहायचं नाही हा माझा जुना नियम आहे. तसं घरात लिहिण्यासारखं उरलंय काय? मी आणि बुतित. आमचा एकुलता रिगझिन गेल्याला साडेआठ वर्षं झाली.

आजची नोंद: वाफ्यात रोपं एकेचाळीस, सगळी जिवंत, वय दोन वर्षं पुरी. सगळ्यात उंच रोप नऊ सेंटिमीटर. हसायला कोणी येऊ नये. न्योजा आधी खाली जातो, मग वर येतो.

शर्तही इथे एकदा लिहून ठेवतो, म्हणजे सप्टेंबरात कोणाला विसरायला नको. तीन वर्षांपूर्वी देवळाच्या अंगणात, सगळ्या रोपांग गावासमोर मी उभा राहून म्हणालो होतो की आपल्या जंगलात चाळिशीच्या आतलं एक झाड नाही. सगळे म्हातारे. दरवर्षी आपण शेवटच्या शंकूपर्यंत झोडून नेतो, बी जमिनीवर पडतच नाही, तर पोर कुठून येणार? वरची धार दर तीन वर्षांत एकदा न झोडता सोडा. हिरापाल गावाचा प्रधान आहे, मला आते, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतो. तो म्हणाला, "पदम आते, न्योजा बियांपासून माणसाच्या देखत उगवतो हेच आधी दाखव." मी म्हणालो, तीन वर्षं द्या, दहा जिवंत रोपं आणून ठेवतो. "आणि नाही ठेवलीस तर?" तर पुन्हा हा विषय काढणार नाही आणि माझ्या सगळ्या वह्या अंगणात जाळा. लोक टाळ्या वाजवून हसले. रामपूरचा एक व्यापारी तेव्हापासून पाच वर्षांसाठी अख्खं जंगल मागतोय. त्यालाही सप्टेंबरातच उत्तर द्यायचं आहे.

दहा हवीत. माझ्याकडे एकेचाळीस आहेत.

९ एप्रिल

सकाळी पाट उघडायला गेलो (गावाच्या पाटाचं पाणी वाटणं हे माझं काम, सव्वीस वर्षं) आणि परतताना वाटेतल्या जुन्या झाडाखाली बसलो. न्योज्याची साल कागदासारखी पातळ सुटते, आणि खालून जे अंग निघतं ते कुठे करडं, कुठे हिरवं, कुठे चांदीचं. उन्हात ते झाड उभं नसतंच, पाण्यात हलत असतं. डोळा लागला. स्वप्नात मी सालीचा एक पापुद्रा सोलला तर खाली अक्षरं होती, माझ्याच हातची. वाचायला वाकलो तर वारा आला आणि पान उलटलं.

जागा झालो तेव्हा टोपीवर राळेचा थेंब पडला होता. तो निघत नाही. बुतित म्हणाली, "झाडाने शिक्का मारलाय. आता कुठे हरवलात तर परत आणून देतील."

२६ एप्रिल

पाण्याच्या पाळीवरून हिरापालशी वाजलं. त्याच्या सफरचंदांना वीस मिनिटं कमी मिळाली म्हणतो. मी घड्याळ दाखवलं. तो म्हणाला, "आते, तुझ्या त्या काड्यांना रोज दोनदा पाणी जातं, त्याचं घड्याळ कोण बघतं?" त्या काड्या नाहीत. आणि ते पाणी माझ्या वाट्याचं आहे.

दोनदा पाणी, शेणखताची माती, हिरवी जाळी, सकाळ-संध्याकाळ तापमान. यातलं एकही मी चुकवलेलं नाही.

१९ मे

वनखात्याचे नवे साहेब येऊन गेले. वयाने लहान, बूट चांगले. वाफा पाहून खूश झाले. मग सोबतच्या माणसाला सांगू लागले की या झाडाला एका झुपक्यात पाच सुया असतात.  एक झुपका तोडला, त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि म्हणालो, मोजा. तीन. पाचांचा तो निळा पाईन, तो पलीकडच्या ओल्या उतारावर. साहेब लाल झाले. विचारलं, "शिक्षण कुठे झालं?" म्हणालो, पाचवीपर्यंत खालच्या शाळेत, पुढे इथेच.

पुढचंही त्यांना सांगितलं. न्योज्याला खालचा पावसाळा नको, डोंगराआडची कोरडी हवा हवी. पाणी प्यायचं ते वितळणाऱ्या बर्फाचं, तेही हळूहळू. माती नको, भेग हवी. जिथे दुसरं झाड मरतं तिथे हा बसतो. शंकू धरल्यापासून पिकेपर्यंत दुसऱ्या वर्षीचा शरद उजाडतो. त्यांनी लिहून घेतलं.

बुतित दारात चुलीची, म्हणजे आमच्याकडच्या आंबट जर्दाळूची, बी फोडत बसली होती. साहेब गेल्यावर म्हणाली, "भेग हवी, माती नको, पाणी हळूहळू?"

"हो."

"बरं," म्हणाली, आणि माझ्या वाफ्याकडे बघत राहिली. काय बघत होती कोण जाणे.

१ जून

गेले दहा दिवस सगळं जंगल पायाखाली घातलं. हा हिशोब साहेबांकडेही नसेल. खालचा उतार: लहान रोप शून्य. नाल्याची बाजू: शून्य. वरची धार: शून्य, शंकूची जुनी टरफलंसुद्धा नाहीत, इतकी साफ झोडलेली. परागाचे दिवस होते. वारा सुटला की अख्खा उतार पिवळा धूर सोडायचा आणि माझ्या पापण्या, वही, बाही सगळं पिवळं. सगळे म्हातारे मिळून कोणाला तरी हाका मारत असावेत आणि ती हाक नुसतीच उडून जात असावी, असं वाटत राहिलं.

खबो खडकाची बाजू पाहायची राहिली. तिथे मी जात नाही. चढ वाईट आहे.

२ जुलै

खिंडीवरून धुकं आत आलं. आमच्याकडे असं क्वचितच. चार दिवस झाले, समोरचा डोंगर नाही, सतलज नाही, नुसता तिचा आवाज. आपण ढगात तरंगतोय आणि खाली कोणीतरी जातं दळतंय, असं.

सात रोपं मान टाकून पडली. बुडाशी काळी. पाणी कमी पडलं असेल म्हणून तीनदा केलं.

बुतित म्हणाली, "जावयासारखं काय चारता-पाजता सारखं? जरा तहान लागू द्या की त्यांना. तहानेने मूळ खाली बघतं."

तिला अक्षरओळख नाही. मी रोज संध्याकाळी वही मोठ्याने वाचतो, त्यामुळे तिला वाटतं आपल्याला कळतं.

५ जुलै

तेवीस.

११ जुलै

नऊ. दहाच्या खाली आलो.

२९ जुलै

दोन.

मेलेली उपटून पाहिली. मुळं बोटभरसुद्धा खोल नाहीत. वरच्या ओल्या मातीतच गोल गोल फिरून बसलेली, मऊ, कुजकी. कुठे जायची गरजच पडली नाही त्यांना. सगळं जागेवर मिळत होतं.

मी चुकलो का, हे मी तीन दिवस स्वतःला विचारतोय. वेळा बरोबर आहेत. मापं बरोबर आहेत. सगळं बरोबर असून चूक असेल तर ती कुठल्या रकान्यात लिहायची?

आज जुन्या वह्या काढल्या. जाळायच्याच आहेत तर एकदा चाळाव्यात म्हणून. जवळजवळ नऊ वर्षांपूर्वीच्या वहीत एक पान आहे: खबो, झाड क्र. १७, शंकू. पुढे कोरं. झोडपणी सुरू व्हायच्या आधी मला प्रत्येक झाडाचे आकडे हवे होते. रिगझिन म्हणाला, "बोबा, खालून नीट दिसत नाहीत, चढून मोजतो." सकाळची ओल होती, फांद्या निसरड्या. बाविसावं चालू होतं त्याचं.

घरातलं इथे लिहायचं नाही हा नियम आहे. पण हे पान वहीतलंच आहे.

६ ऑगस्ट

लोबझंग तेते शेळ्या घेऊन वरून उतरले. गावात सगळ्यांचेच ते आजोबा. दोन महिन्यांनी माणूस भेटला म्हणून माझ्या ओट्यावर बसून खारट चहाचे चार पेले प्याले. वाफा पाहिला. म्हणाले, "मेली का? मरायचीच. एवढे लाड माझे कोणी केले असते तर मीही मेलो असतो."

मग जाता जाता: "लहान न्योजेच बघायचेत तर रिगझिनच्या खडकाशी आहेत की. मी शेळ्या जाऊ देत नाही तिकडे."

"कुठल्या खडकाशी?"

तेतेंनी काठीने माती उकरली. "खबोला रे. खबोलाच."

खबोचं नाव बदललं कधी? मला कोणी सांगितलं नाही.

९ ऑगस्ट

गेलो.

चढ वाईट नाही. मला वाटलं होतं त्याच्या निम्मासुद्धा नाही.

आता मापं. खडकाची दक्षिणेकडची बाजू, उंची माझ्या यंत्राप्रमाणे दोन हजार सहाशे चाळीस मीटर. खडकाला आडव्या भेगा. त्या भेगांत, एका ओळीत, एकेक हात अंतरावर, न्योजे. जिवंत. आठ.

पहिला गुडघ्याला लागतो. दुसरा त्याहून चार बोटं कमी. तिसरा आणखी कमी. आठवा यंदाचा, अजून बाळसुया, निळसर, एकेकट्या. तीन-तीनचे झुपके अजून धरायचेत. जिन्याच्या पायऱ्या कोणीतरी उतरत आल्यासारखे. खोडावरच्या गाठी मोजल्या. वयं: आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. दरवर्षी एक, एकही वर्ष न चुकता!

मी हात लावला नाही. बसून राहिलो. धुकं खडकाला येऊन टेकलं, मग मला. सुयांवर थेंब धरले होते, आणि थेंबांत खडक उलटा दिसत होता, आणि त्या उलट्या खडकावर मी डोकं खाली करून बसलेला. किती वेळ ते लिहिता येत नाही. घड्याळ पाहायचं राहिलं. सव्वीस वर्षांत प्रथमच पाट उशिरा बंद झाला.

झाड क्र. १७ तिथेच आहे, खडकाच्या डोक्यावर. वर पाहिलं नाही.

अजून एक. तिथे जुने उमललेले शंकू झाडांखाली पडून आहेत. वर्षानुवर्षांचे, काळे पडलेले. कोणी झोडलेलं दिसत नाही. गावाचा आळस, दुसरं काय.

१० ऑगस्ट

रात्र विचारात गेली आणि सकाळी उकललं. पक्षी! आमच्याकडे एक ठिपक्यांचा कावळ्यासारखा पक्षी आहे. तो हिवाळ्यासाठी न्योजे भेगांत दडवतो आणि काही विसरतो. पोरं त्याला चोर म्हणून दगड मारतात. मीही मारले आहेत. या पक्ष्याने आठ वर्षं एकाच खडकावर नेमाने बी पेरलं.

शिवाय हा पक्षी शिकतो. पहिल्या चार रोपांजवळ काही नाही. पाचव्यापासून पुढे प्रत्येकाच्या दक्षिणेला एक चपटा दगड उभा आहे, दुपारचं ऊन अडेल असा. नेमकी हीच युक्ती मी चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात शोधून काढली होती आणि वहीत लिहिली होती. मी आणि तो पक्षी, एकाच वर्षी, एकमेकांना न विचारता! सातव्या खाचेत लाल लोकरीचा धागाही मिळाला, बायका नेसतात त्या लोकरी दोहडूच्या काठाला असतो तसा. घरट्यासाठी नेत असणार.

संध्याकाळी हे सगळं बुतितला वाचून दाखवलं. ती चिल्टे, म्हणजे ओगल्याच्या पिठाची धिरडी, तव्यावर घालत होती. तिची पाठ माझ्याकडे होती.

"हुशार पक्षी आहे," ती म्हणाली.

"अतिशय."

"वाचता येतं म्हणायचं त्याला."

"थट्टा नको. हे कुठल्याही पुस्तकात नाही."

"नसेल," ती म्हणाली. चिल्टा करपला. तिचा कधी करपत नाही.

२५ ऑगस्ट

ठरवलं. दोन माझी आणि आठ त्या खडकाची, दहा होतात. पिशव्यांत उचलून सभेत ठेवायची. कोणाला काय कळतंय, आणि खोटंही नाही. न्योजा बियांपासून उगवतो एवढंच दाखवायचं आहे. अख्खी धार वाचत असेल तर आठ रोपांचं एवढं काय?

बुतितला सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग विचारलं, "मूळ किती खोल असतं हो?"

"पहिल्याचं माझ्या हाताएवढं तरी असणार. खडकाच्या आत."

"मग निघेल?"

"पहार घातली तर निघेल. चारेक तरी तग धरतील. सभेपर्यंत सगळी हिरवी दिसतील."

"सभेपर्यंत," ती म्हणाली.

तिने शाल घेतली आणि बाहेर जाऊन अंधार पडेपर्यंत गोठ्यात बसली. गाय आटली आहे, गोठ्यात काम काही नव्हतं. जेवणात मीठ नव्हतं.

२ सप्टेंबर

तिने वही वाचायला सांगितलं नाही. आठ दिवस झाले. मी आपला भिंतीला वाचतो.

१२ सप्टेंबर

पहार, गोणपाट, आठ पिशव्या. उजाडता उजाडता निघालो. हवा काचेसारखी. कंड्यावर, म्हणजे वरच्या कुरणांवर, फुलं काढणीला आलीत, वास इथवर येतो. पिकलेल्या शंकूंची राळ आणि तो वास मिळून डोकं हलकं होत होतं. वाटेवर मला सारखं वाटत राहिलं की कोणीतरी पुढे चालतंय, हलक्या पायांनी, वळणावर जरा थांबतंय.

यंदाच्या, सगळ्यात लहान रोपापासून सुरू करायचं ठरवलं, सोपं म्हणून. गुडघे टेकले. पहारीचं टोक भेगेत घातलं. आणि तेव्हा शेजारी पाहिलं.

एक हात अंतरावर नववी खाच होती. रिकामी. आतला पालापाचोळा काढलेला, गवताच्या काडीने कोपरेसुद्धा झाडलेले. तळाशी चिमूटभर बारीक वाळू. आणि खाचेच्या वर खडकावर एक चपटा दगड आडवा ठेवलेला, अजून उभा करायचा.

पक्षी झाडलोट करत नाही.

फुलाइच, आमचा फुलांचा सण, बारा दिवसांवर आली आहे. दरवर्षी त्या दिवशी ज्यांची माणसं गेलीत ते वर जातात, त्यांच्या नावाने खाणं ठेवतात. दरवर्षी मी म्हणतो माझा गुडघा दुखतो, पाटाचं काम आहे. दरवर्षी बुतित लाल काठाचा दोहडू नेसून एकटी जाते आणि संध्याकाळी येते, नखांत माती घेऊन. मी एकदा वहीत लिहिलंही होतं की स्त्रिया हात नीट धूत नाहीत.

मी रोज संध्याकाळी मोठ्याने वाचत होतो. चार वर्षांपूर्वी दगडाचं वाचलं होतं.

पहार काढली. तिच्या टोकाला लागलेली माती बोटाने पुसून परत भेगेत भरली. पिशव्या घडी केल्या. उतरताना दोनदा वाट चुकलो, आणि ही वाट मला डोळे मिटून येते.

घरी बुतितने पिशव्यांकडे पाहिलं, रिकाम्या. विचारलं नाही. रात्री सुकी जर्दाळं घालून गोड भात केला. यातही मीठ नव्हतं, पण यात ते नसतंच.

मीही सांगितलं नाही. काय सांगणार? आठ वर्षं सगळं मोजत होतो म्हणून?

२१ सप्टेंबर

सभा.

अंगणात पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, पायरीवर हिरापाल, हिरव्या मखमलीची टोपी नीट बसवून. मी दोन पिशव्या पुढे ठेवल्या. शेजारी वह्या, अकरा, दोरीने बांधलेल्या.

"किती?" हिरापालने विचारलं.

"दोन."

"बोली दहाची होती, आते."

"होय. हरलो. काडी कोणाकडे आहे?"

कोणी हसलं नाही. याची मी तयारी केली नव्हती. हसण्याची केली होती.

लोबझंग तेते मागून म्हणाले, "आणि खडकाशी आहेत ती?"

"ती माझी नाहीत."

"मग कोणाची?"

पक्ष्याची, असं म्हणता आलं असतं. आठवडाभर मी तेच म्हणायचं योजत होतो, कारण तिचं जे आहे ते अंगणात मांडायचा मला काय हक्क? पण तोंडातून निघालं ते असं: "ज्याने लावली त्याला माहीत. मी नुसती मोजली. आठ आहेत."

बायकांच्या बाजूला सुया थांबल्या. तिथे नेहमी कोणीतरी विणत असतं. बुतित उभी राहिली नाही. बसूनच, विणकामावरची नजर न उचलता म्हणाली, "झोडलेल्या जागी एक नाही. न झोडलेल्या जागी आठ. एवढंच यांना तीन वर्षं सांगायचं होतं. पण यांना थोडक्यात सांगता येत नाही."

अंगण हसलं. मीही हसलो असेन. मग मी म्हणालो, "तिथे झोडत नाहीत ते चढामुळे. ते काही ठरवून—"

"चढ?" हिरापाल म्हणाला. तो एकदम चिडला. "पदम आते, त्या बाजूचा वाटा चिठ्ठीत दोनदा मला आला. दोनदा! मला चढ चढता येत नाही? माझ्या बायकोला येतो!" मग आवाज उतरला. "आठ हंगाम तिकडे कोणाची शंकू झोडायची आकडी गेलेली नाही. कोणी कोणाला सांगितलं नाही. नाही गेली, एवढंच. तुझ्या वहीत नव्हतं होय ते?"

नव्हतं.

पुढचं काय काय झालं ते नीट ऐकू आलं नाही. व्यापाऱ्याला खालचे उतार मिळाले, तेही एका वर्षासाठीच. वरची धार यंदा बंद. पुढचं पुढे. देवतेच्या पालखीला हात लावून सगळ्यांनी सांगितलं.

उठताना मी वह्यांकडे बोट केलं. "जाळायच्या ठरल्या होत्या."

"ने घरी," हिरापाल म्हणाला. "थंडी पडली की बघू. आणि उद्या पाण्याची माझी वीस मिनिटं दे."

२४ सप्टेंबर, फुलाइच

सकाळी बुतितने दोहडू नेसला. मी टोपी घातली. तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बरा आहे.

ती पुढे, मी मागे. वरून फुलं आणणाऱ्यांची गाणी येत होती, मध्येच वाऱ्याने नेली की नुसती शिट्टी उरायची. खडकाशी पोचल्यावर तिने ओढणीच्या गाठीतून चिल्टा काढला, जर्दाळं काढली, लहान बाटलीतली द्राक्षाची दारू दगडावर थोडी सांडली. रिगझिनला ती चढायची, हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "एका पेल्यात गाणं म्हणायचा." मला तेही माहीत नव्हतं.

मग सतराव्या झाडाखाली पडलेला एक ताजा शंकू तिने दगडाने ठेचला आणि न्योजे काढले. पाच.

"पाच कशाला?" मी विचारलं.

"दोन पक्ष्याला. दोन उंदराला."

"आणि?"

"आणि एक."

तिने खाचेपुढे बसून माझ्याकडे पाहिलं. "खोल किती घालू?"

तिला माहीत आहे. आठ वर्षं माहीत आहे. तरी विचारलं. मी सांगितलं, "बोटाची दोन पेरं." तिने तेवढंच घातलं. दगड मला उभा करायला दिला. मी दक्षिण यंत्रात बघून साधत होतो, तिने हाताने एक इंच सरकवला. तिचं बरोबर होतं.

ऊन खडकावरून वळलं. सुया सोन्याच्या झाल्या, साल पाण्यासारखी हलू लागली. आम्ही टेकून बसलो. मला वाटतं मी थोडा झोपलो.

जाग आली ती तिच्या आवाजाने. "त्याचे मोजायचे राहिले होते ना?" ती वर बघत होती.

नऊ वर्षांत मी पहिल्यांदा वर पाहिलं. सगळ्या फांद्या शंकूंनी वाकलेल्या. मी मोजू लागलो. अकरापर्यंत गेलो आणि चुकलो. पुन्हा सुरू केलं. सातावर चुकलो. डोळ्यांत राळ गेली असावी, हंगामच आहे तो. ती माझी बाही धरून बोटांच्या पेरांवर मोजत राहिली, हळू, ओठ हलवत, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर, खालूनच. खालून सगळे दिसतात, जरा मागे सरकलं तर.

घरी येऊन दोन नोंदी केल्या. पहिली जुन्या वहीत, त्या कोऱ्या जागी.

खबो, झाड क्र. १७. शंकू अठ्ठेचाळीस. मोजले: बुतितने.

दुसरी या वहीत.

रिगझिनचा खडक, नववी खाच. बी पाच, कच्चं, ताजं. खोली दोन पेरं, तिची. पेरलं: बुतितने.

संध्याकाळी दोन्ही तिला वाचून दाखवल्या. तिने पुन्हा वाचायला सांगितलं.